विठोबाचा वाफा



वारीतला एखादा दिवस आठवून पाहा. नीरेत पादुकांना स्नान घालून ज्ञानोबामाउलींची पालखी सातारा जिल्ह्यात येते. लोणंदचा मुक्काम होतो, मग चांदोबाच्या लिंबाचे उभे रिंगण, तरडगाव, फलटण, बरड. या वाटेवर कधीतरी एखाद्या अनोळखी माणसाने तुमचा हात धरून तुम्हाला ओसरीवर बसवले असेल. पिठले, भाकरी, ठेचा आणि कांदा पुढे आला असेल. तुम्ही जेवलात, विठ्ठलाचे नाव घेतलेत आणि पुढे निघालात. आपण सारेच निघतो. पालखी पुढे गेल्यावर त्या घरच्या कणगीत काय उरले हे पाहायला मागे कोण थांबतो?

तो महिना कोणता असतो, याचा थोडा विचार करा. रब्बीची ज्वारी माघ-फाल्गुनात घरात आलेली असते, ती आता तळाला गेलेली. हातातला पैसा बियाण्याला आणि खताला गेलेला. मृगाचा पाऊस झाला असला तर पेरा नुकता जमिनीत पडलेला, आणि पीक हाती यायला अजून तीन महिने. शेतमजुराच्या घरी तर त्याहून ओढ. सबंध वर्षातला हा सर्वांत तुटीचा काळ, आणि नेमक्या याच काळात लोक आपल्याला वाढतात. ते उरलेले वाढत नाहीत, कारण उरण्याचे ते दिवसच नव्हेत.

हे मला फार उशिरा कळले. कळले ते वारीत नव्हे, घरामागच्या परसात.

मी वाळवे तालुक्यात कृष्णाकाठी राहतो. घरामागे दीड गुंठा परस आहे. एका पावसाळ्यात दोडका आणि दुधी असा काही लागला की घरचे खाऊन कंटाळले, शेजारीपाजारी वाटून झाले, तरी मांडव ओथंबलेलाच. मग मी दोन पोती भरली आणि जवळच्या एका मुलांच्या वसतिगृहात नेऊन टाकली. अन्नदान घडले म्हणून मन प्रसन्न झाले. खोटे कशाला बोलू, त्या आठवड्यात दोघा-तिघांना सहज बोलता बोलता सांगूनही झाले. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा स्वयंपाकाच्या मावशींनी मला बाजूला घेतले आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "माउली, राग मानू नका. हे समदं जून हाय. बिया दाताखाली येत्यात. पोरं ताटात टाकून देत्यात."

राग कसला येणार? मान खाली गेली. कोवळे होते तेव्हा मी ते खाल्ले होते. ज्यांना मी घरी विकत घेतले नसते, ते दोडके मी मुलांच्या ताटात पाठवले होते आणि त्याला दान म्हटले होते.

त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या मागे लागला आहे, तोच तुमच्यापुढे ठेवतो. आपल्याला नको असलेली वस्तू दुसऱ्याला दिली तर ते दान झाले का? तुम्ही म्हणाल, वाया जाण्यापेक्षा कुणाच्या पोटात गेले तर बिघडले काय? काहीच बिघडत नाही. जिन्नस कुजू न देणे चांगलेच आहे. पण ती झाली घरातली आवराआवर. तिला दान म्हणताना जीभ जरा अडखळायला हवी.

आपल्या घरातलीच रीत पाहा. एकादशी सोडून दुसऱ्या दिवशी बारस फेडताना पहिले पान कुणाचे? विठोबाचे. नैवेद्य दाखवल्याशिवाय घरातले लहान मूलसुद्धा पानाला हात लावत नाही. सर्वांची जेवणे उरकली, पातेल्याच्या तळाशी थोडे राहिले, ते देवापुढे ठेवले, असे कुणी वारकरी करील का? कल्पनासुद्धा सहन होणार नाही. मग भुकेल्याच्या मुखी तोच पांडुरंग जेवतो असे कीर्तनात माना डोलावून ऐकणारे आपण, त्या मुखासाठी मात्र तळाचे राखून ठेवतो. नैवेद्य आधी निघतो आणि दान मागाहून. या दोहोंत अंतर का पडले?

सातारकरांना आणि सांगलीकरांना याचे उत्तर शोधायला लांब जावे लागत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांचे मूळ गाव ऐतवडे बुद्रुक, याच वाळवे तालुक्यातले. त्यांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली ती साताऱ्याला आणली. तिथल्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र रांधत आणि एका पंगतीला जेवत. त्या काळात ही काही लहान गोष्ट नव्हती. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नाव मिळाले. मुले शिकत आणि शेतात राबतही. तरीही कोठीत दाणा नाही अशी वेळ यायची, आणि अशाच वेळी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे सोने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा, मोडायला दिले, हे आपल्याकडच्या शाळांतून पिढ्यान् पिढ्या सांगितले जाते.

पण मला त्या सोन्याहून मुष्टिफंड अधिक विचार करायला लावतो. गावोगावच्या बायकांनी रोज दळायला बसताना एक मूठ धान्य बोर्डिंगच्या पोरांसाठी बाजूला काढायचे. मूठ केव्हा काढायची? दळणाच्या आधी. भाकऱ्या थापून झाल्यावर नव्हे आणि सगळे जेवून उठल्यावर तर नव्हेच. जात्यात पहिला घास पडण्याआधी परक्या पोराचा वाटा निघालेला असे. पुष्कळ घरांत त्या दिवशी घरच्यांनाच पुरेल की नाही ही शंका असणार, तरी मूठ निघे. अशा मुठी-मुठीतून मुले जेवली आणि शिकली. त्यांची नातवंडे आज आपल्यात मास्तर, डॉक्टर, मामलेदार म्हणून वावरतात. मुलांना ते दान लाजिरवाणे वाटले नसावे, कारण कुणाच्या ताटातले उरलेले ते नव्हते.

आता तुम्ही विचाराल, ते दिवस वेगळे होते, आज उपाशी आहे कोण? रेशनवर धान्य मिळते. खरे आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते, आणि २०२३ पासून ते फुकट आहे. त्यामुळे चूल विझत नाही, याचे श्रेय द्यायलाच हवे. पण त्या पिशवीत तांदूळ आणि गहू असतो. मेथी नसते, शेवगा नसतो, घेवडा नसतो. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांपैकी ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. पाच वर्षांखालच्या शंभरातल्या ३५ मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली निघाली. पोट भरलेले आणि अंग उपाशी, अशी ही भूक आहे. ती ओरडत नाही म्हणून आपल्याला ऐकू येत नाही.

आणि ती आपल्या हिरव्या शिवारातच आहे. आपले दोन जिल्हे विचित्र आहेत. महाबळेश्वराला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि त्याच सातारा जिल्ह्यात माणला पाचशेच्या आसपास. तिकडे खटाव, इकडे सांगलीत जत, आटपाडी, कवठेमहांकाळ. यांनी १९७२ चा दुष्काळ पाहिला. खडी फोडून लाल मिलोच्या भाकरी खाल्लेले म्हातारे अजून आहेत. पुढे टेंभू आणि म्हैसाळ योजनांनी कृष्णेचे पाणी वर चढवले आणि माळावर डाळिंबे, द्राक्षे लागली. आनंद आहे. पण पाणी आले म्हणून गरिबाच्या ताटात भाजी आली, असे झाले नाही. आमच्या बागायतीत तर ऊस थेट घराच्या भिंतीला टेकला आणि परसच नाहीसा झाला. एके काळी मोरीच्या पाण्यावर आळू आणि केळ, कुंपणावर घोसाळी, बांधाला शेवगा, दाराशी कढीपत्ता असे. कुणी आजारी पडले की शेजारीण परसातली चार पाने खुडून न्यायची, विचारायचीसुद्धा नाही. आता दहा एकर उसाचा धनी आठवडी बाजारातून कोथिंबिरीची जुडी विकत आणतो, आणि त्याच्या बांधावरून जाणाऱ्या मजुराला खुडायला काहीच उरलेले नाही.

भुकेला आपली-परकी कळत नाही, हेही आम्ही पाहिले आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात ज्यांची कोठारे भरलेली होती ते बागायतदार छावणीत भाकरीसाठी रांगेत उभे होते. ज्याने त्या रांगेत ताट धरले त्याला देणाऱ्याचा हात कसा असावा, हे वेगळे सांगावे लागत नाही. तीन-चार वर्षांत विसर पडतो, हा मनुष्यस्वभाव.

आपल्या कीर्तनांतून मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा येते. दुष्काळात त्यांनी बादशाही कोठार खुले केले. ऐकताना अंगावर काटा येतो आणि आपण मोकळे होतो, कारण आपल्यापाशी कोठार नाही. म्हणून मला वाटते, आपल्यासारख्यांनी अरणच्या सावतोबांकडे पाहावे. त्यांच्यापाशी मळा होता. अरणहून पंढरपूर दोन दिवसांची वाट, तरी सावतोबा मळा सोडून गेले नाहीत. देवच त्यांच्याकडे आला, असे परंपरा सांगते, आणि आजही आषाढीनंतर पांडुरंगाची पालखी अरणला जाते. या चरित्रावरून आपण नेहमी एकच बोध घेतो की काम हीच भक्ती. तो बरोबर आहे, पण अर्धा आहे. मळ्यात काम केले की भाजी येते, आणि ती भाजी कुणाच्या तरी मुखात जाते. राबण्यात देव पाहायचा आणि ते राबणे कुणाच्या पोटी गेले हे पाहायचेच नाही, असे सावतोबांच्या मळ्यात होत असेल हे मला खरे वाटत नाही.

म्हणून सांगतो, माउली, वाफा पेरतानाच ठरवा. परसात पाच वाफे असतील तर एक आपला नव्हे. त्याला विठोबाचा वाफा म्हणा. तो सावलीच्या कोपऱ्यातला, दगडगोट्यांचा नको. पाण्याजवळचा, शेणखत चांगले पडलेला, तो द्या. भाजी जेव्हा कोवळी आणि नजर खिळवणारी असते तेव्हाच तो काढायचा, म्हणजे मोह होतो. होऊ द्या. मोह झाल्याशिवाय आपण काय सोडले हे कळणार कसे? मेथी महिना-सव्वा महिन्यात येते. पालक आणि चुका पुन्हा पुन्हा खुडता येतात. शेवगा एकदा लावला की वर्षानुवर्षे पाला आणि शेंगा देतो, आणि त्याच्या पाल्याइतकी अंगी लागणारी भाजी थोडकीच. गुंठाभर जागाही पुष्कळ झाली. तीही नसेल तर गच्चीवर डबे ठेवा.

दोन आक्षेप मीच मनाशी घेतले, ते सांगतो.

पहिला असा की, आधी घरचे. बरोबर आहे. म्हणूनच आधी घरात पाहा. मघाच्या शंभरातल्या त्या ५४ जणी कुठे दूर डोंगरात राहत नाहीत. सर्वांना वाढून शेवटी खरवडीवर भागवणारी सून आपल्याच घरात असते. तिच्या ताटात पालेभाजी नाही आणि आपण वसतिगृहाला जुड्या पाठवतो, तर त्या दानाला काय अर्थ? दुसरे, परसाला पाणी कोण घालते? खुरपते कोण? बहुधा तीच. मग दान कुणाचे आणि नाव कुणाचे?

इथे तुकोबारायांच्या चरित्रातला एक प्रसंग मला आधाराला येतो. १६३० च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ. त्यांची थोरली पत्नी त्यात अन्नावाचून गेली. पुढे लोकांकडून येणे असलेल्या कर्जाची खते त्यांनी इंद्रायणीत सोडली. हे सर्वांना ठाऊक आहे. पण सोडण्यापूर्वी धाकटे बंधू कान्होबा यांच्या वाट्याची निम्मी खते त्यांनी वेगळी काढून दिली आणि बुडवली ती फक्त स्वतःच्या वाट्याची. एवढे वैराग्य असलेला पुरुष, पण भावाच्या वाट्याला हात लावला नाही. तेव्हा विठोबाच्या वाफ्याची माती स्वतः भुसभुशीत करा, पाणी स्वतः घाला. आमच्या घरी आता तो वाफा माझ्याकडे आहे. कंबर दुखते. दुखू दे.

दुसरा आक्षेप असा की, हे सरकारचे काम, आणि फुकट देऊन माणसे आळशी होतात. सरकारचे काम सरकारकडून करून घ्यावेच. शाळाशाळांतून पोषण आहारासाठी परसबागा होत आहेत, बचतगटांच्या बायका पोषण परसबागा लावत आहेत, हे उत्तमच चालले आहे. तिथे बी द्या, रोपे द्या, शनिवारी जाऊन खुरपायला बसा. ज्याच्या दाराशी हातभर जागा आहे त्याला जुडीपेक्षा वेलाचे बी दिलेले बरे, म्हणजे पुढच्या वर्षी तो तुमच्या दारी येणार नाही. पण ज्याला हातभरही जागा नाही त्याचे काय? आणि आळशीपणाचे म्हणाल तर त्याबद्दल मला काही सांगायचे आहे.

दिवाळीच्या मागेपुढे साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की आपल्या शिवारात ऊसतोडीच्या टोळ्या येतात. बीडकडून येतात, आपल्या जतकडूनही बाहेर जातात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते. पहाटेच्या अंधारात बाई उठून भाकऱ्या थापते, लेकराला पाचटाच्या कोपीत नाहीतर फडाच्या कडेला ठेवते आणि दिवसभर मोळ्या वाहते. तिच्या चारी बाजूंना हिरवेगार आहे आणि भाकरीबरोबर चटणी आहे. यांना आळशी म्हणायला धजेल असा माणूस मी तरी पाहिला नाही. आणि परस लावा म्हणून सांगावे तर चैत्रात कोपी मोडायची असते.

दोडक्यांची अद्दल घडल्यानंतरच्या वर्षी मी मेथीच्या जुड्या घेऊन आमच्या फडावरच्या कोप्यांकडे गेलो. फोटो काढायचा नाही, ट्रॅक्टरवरून फेकायच्या नाहीत आणि कुणाला बोलावून रांग लावायची नाही, एवढे मनाशी ठरवलेले होते. कोप्यांच्या ओळीच्या टोकाला चटईवर जुड्या ठेवल्या आणि आमच्या परसात जास्त झाली नाही, तुमच्यासाठीच लावली होती, असे सांगितले. एक म्हातारी हसली. कुणीतरी चहा ठेवला. तो चहा मी घेतला, आणि वारकऱ्याने तो घ्यावाच. ज्याच्याकडून आपण काहीच घेत नाही, त्याच्या बरोबरीने बसता येत नाही.

निघताना मी विचारले, पुढच्या वर्षी काय लावू? हा प्रश्न मला आधी कधी सुचलाच नव्हता. देणाऱ्याने ठरवायचे आणि घेणाऱ्याने घ्यायचे, अशीच माझी समजूत. एक तरुण बाई होती, कडेवर मूल. जरा लाजून म्हणाली, "अंबाडी लावा की, दादा. हिकडं कुठंच दिसना. लेकरू तेवढ्यावर भाकर खातंय."

आमच्या घरी अंबाडी कुणी खात नाही. आंबट लागते म्हणतात. त्या वर्षी पहिल्यांदा माझ्या परसात असे काही उगवले जे उरले म्हणून दिले जाण्याची शक्यताच नव्हती, कारण आम्ही ते खाणारच नव्हतो. तेव्हा मला जरा हलके वाटले. पण टोळी बदलली. नवे लोक आले, मुकादमही दुसरा. ती बाई त्यांच्यात नव्हती. जत भागातली माणसे होती. त्यांनी अंबाडी घेतली, आणि त्यांच्यातल्या एकीने मिरचीची रोपे मागितली.

या वर्षी वाफ्याच्या निम्म्यात मिरची आहे, निम्मा मोकळा आहे. अंबाडीचे बी पुडीत बांधून देवघरात ठेवले आहे. टोळी आल्यावर आधी कोप्यांवर जाऊन विचारीन, मग पेरीन.